शिळं कुणी खायचं

मी शिळं खाते. नाइलाज म्हणून नाही, काटकसर म्हणून नाही आणि अन्नाला नावं ठेवू नयेत असं कुणी शिकवलं म्हणूनही नाही. आवडतं म्हणून खाते. आज मी हे बिनदिक्कत लिहिते आहे, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्न होऊन बंगलोरला आले तेव्हा, माझ्याच स्वयंपाकघरात हे वाक्य उच्चारायची मला चोरी होती.

शिळं म्हणजे काय काय तेही सांगून टाकते. आदल्या दिवशीचा भात, त्यावर कच्चं तेल आणि लोणच्याचा खार. रात्रभर थिजलेलं पिठलं, ज्याची सुरीनं वडी पडावी. कडक झालेली भाकरी. गार आमटी. दुसऱ्या दिवशीची भेंडी. शिळी पुरणपोळी सगळ्या जगाला आवडते, तिचं कौतुक मला कुणी सांगू नये. माझी मजल शिळ्या उपम्यापर्यंत आहे.

गरम अन्नाशी माझं कधीच जमलं नाही. गरम अन्न हुकूम सोडतं. ये, बस, आत्ताच जेव, निवायच्या आत जेव. मी मुळातली चुळबुळी. जेवायला बसले तरी माझा एक पाय दाराकडे असतो, आणि चटका बसणारा घास फुंकत बसायचा मला संताप येतो. शिळं अन्न काही मागत नाही. झाकून ठेवलेलं असतं, तुम्ही याल तेव्हा खरं. पुण्यात आमच्या घरी चौघांच्या चार वेळा होत्या आणि ओट्यावरची झाकलेली पातेली हेच आमचं एकत्र जेवण होतं. पहाटे अभ्यासाला उठून, दात घासल्या घासल्या, खिडकीशी उभी राहून मी गार भात खायची. अख्खं घर झोपलेलं असायचं आणि कुणाला माझ्याकडून काही नको असायचं. त्या अर्ध्या वाटीएवढं सुख मला पुढं फार थोड्या गोष्टींनी दिलं.

लग्न ठरलं तेव्हा आवडीनिवडी विचारल्या होत्या. मी गाणं आणि वाचन सांगितलं. शिळा भात कोण सांगतं?

नवरा बेळगावकडच्या एका लहान गावातला. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि रागावला की दोन्ही. के. आर. पुरमजवळच्या कारखान्यात नोकरी करायचा. आम्ही राहायचो बसवनगुडीत, एका बैठ्या घराच्या गच्चीवर बांधलेल्या दोन खोल्यांत. कारखान्याची बस त्याला अंधार सरता सरता कोपऱ्यावरून उचलायची आणि संध्याकाळी दमलेला परत आणून टाकायची. मधला दिवस माझा. मला अजून नोकरी नव्हती, भाषा येत नव्हती, ओळखी नव्हत्या. मी खोल्यांमधून फेऱ्या मारायची, गच्चीवर जायची, परत यायची, उगाच गांधी बाजारपर्यंत चालत जाऊन कोथिंबिरीची जुडी आणायची आणि ती घरात आधीच आहे हे बघून स्वतःवरच चिडायची. एकच गोष्ट बरी होती. इथली हवा माझ्या बाजूची होती. पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचं सकाळपर्यंत टिकेल याचा भरवसा नसायचा. इथं थंडगार राहायचं.

तेव्हा एका सकाळी, खिडकीशी उभी राहून, मी रात्रीचा भात खात होते. नवरा अंघोळ करून पंचानं डोकं पुसत आत आला.

“काय खायलीस?”

“कालचा भात.”

“का? तांदूळ संपला?”

“नाही हो. मला आवडतो.”

मी मजेत म्हटलं होतं. नवीन नवरा, म्हटलं आपली एक खोड कळू दे. पण त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याच्या तोंडावर काही फेकलं असावं. तो पुढं आला, माझ्या हातातून ताटली काढून घेतली, तसाच ओल्या केसांनी जिना उतरला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या गायीपुढं भात उपडा केला. वर आला, रिकामी ताटली मोरीत ठेवली.

“माझ्या घरात तू शिळं खायचं नाहीस,” तो म्हणाला. “आणि आवडतं हे तेवढं मला सांगू नकोस.”

बस चुकेल म्हणून तो निघून गेला. मी तिथंच उभी. बोटांना अजून लोणच्याचा खार लागलेला. राग तर असा आला होता की त्या गायीशीसुद्धा भांडले असते. माझ्या घासावर हात टाकणारा हा कोण? बरं, एरवी माणूस इतका मऊ, की डास मारताना त्यालाच अपराध्यासारखं वाटायचं. मग याच्या नाकाला एवढ्या मिरच्या का झोंबल्या? मला काही सुधरेना. दिवसभर मी फेऱ्या मारल्या, आणि संध्याकाळी तो आला तेव्हा दोघंही भाताबद्दल सोडून बाकी सगळं बोललो.

त्यानंतर आमच्या घरात एक युद्ध सुरू झालं, आणि ते युद्ध आहे असं कुणीच कबूल करत नव्हतं. रात्री भात लावायच्या वेळी तो हटकून स्वयंपाकघरात यायचा आणि तांदूळ स्वतः वाटीनं काढायचा. बरोबर दोघांपुरते. उरलंच तर पोटाला तड लागेपर्यंत तो खायचा. त्याउपरही काही उरलं तर सकाळी माझ्याआधी उठून गायीला घालायचा. गाय हुशार, ती वेळेच्या आधीच फाटकाशी येऊन हंबरू लागली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणायचो, त्या एकदा मला मोडक्या मराठीत म्हणाल्या, तुझा नवरा फार पुण्यवान, रोज गोग्रास घालतो. मी काय बोलणार? तो माझा नाश्ता होता.

मीही काही कमी नव्हते. तो गेल्यावर दुपारी मी जास्तीचा भात लावायची, लहान पातेल्यात काढून हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यामागं ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी तो बसमध्ये चढला की बाहेर काढायची. स्वतःच्या घरात स्वतः शिजवलेलं अन्न चोरून खायचं! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की ताटली ओट्याखाली. एकदा पाऊल अक्कांचं निघालं. त्या दारात उभ्या, माझ्या गालात घास. त्यांनी ताटलीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“तंगळन्ना? शिळा भात? ह्या वयात? घरात काय कमी आहे का गं?”

मी मान हलवली. कमी काही नाही. त्यांनी स्वतःच अर्थ लावला, आणि त्या दिवसापासून रोज दुपारी वाफाळतं काहीतरी वर येऊ लागलं. “स्वल्प खा, स्वल्पच आहे,” म्हणत त्या पुढ्यात बसायच्या आणि मला तोंड भाजत खावं लागायचं. आपल्या जावयाच्या मित्राची गोष्ट म्हणून त्या मला बायकांना उपाशी ठेवणाऱ्या नवऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या. माझा नवरा संध्याकाळी दिसला की त्याच्याकडे अशा बघायच्या, की तो बिचारा दोन पायऱ्या एकदम चढून वर यायचा.

पुढं मला जयनगरला एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. चपला बाहेर काढायच्या, आत गार हवा, पडदे लावलेले, मुलं देवळात यावीत तशी दबकत यायची. मला वाटलं, सुटले. डब्यात कालची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन मी तिथं खाऊ लागले. त्या बंद खोलीत लसणाचा वास असा कोंडला की मालकांनी सगळ्यांना बोलावून यंत्रांजवळ जेवू नये म्हणून सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे माझ्याचकडे बघत होते. मग मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या खाऊ लागले. एक लग्न झालेली, कमावती बाई बसस्टॉपवर पाठमोरी होऊन शिळी भाकरी खाते आहे, हे कसलं जिणं? हसू यायचं आणि त्याच घासाला रडूही यायचं. प्रश्न भाकरीचा राहिलाच नव्हता. ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा त्याला माझ्या साध्या आवडीवर विश्वास नाही, आणि का नाही हे तो सांगतही नाही, हे मला आत टोचत राहायचं.

शेवटी फ्रिजवरून भांडणाला तोंड फुटलं. नोकरी लागल्यावर मी म्हटलं, हप्त्यानं फ्रिज घेऊ. तो म्हणाला, नको. का नको, तर नको. फ्रिज म्हणजे शिळ्याचं कपाट, असं तो म्हणाला. त्या रविवारी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. मी हातातली ओली चादर तशीच बादलीत टाकली.

“हे बघा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय आहे ते एकदा सांगून टाका. तुमच्याकडे कडक भाकरी करून महिनाभर उतरंडीला ठेवतात. ती शिळी नाही होत?”

“ती सगळे खातात,” तो म्हणाला. “शिळी एकटी आई खायची.”

मग त्यानं सांगितलं. माझ्याकडे न बघता, हातातले चिमटे एकेक करून कपड्यांना लावत.

त्यांचं घर मोठं होतं. काका, काकू, त्यांची मुलं. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग बायका, आणि बायकांत सगळ्यात धाकटी सून म्हणजे याची आई. तिची पाळी येईपर्यंत गरम भाकरी संपलेली असायची. ती दुरडीतली कालची काढायची. हा विचारायचा, आई, तू गरम का खात नाहीस? ती म्हणायची, मला शिळीच आवडती रे.

“आणि मला ते खरं वाटायचं,” तो म्हणाला. “पोरांना काय, आई म्हणाली म्हणजे खरं. एकदा ती माहेरी गेली होती. ती येणार म्हणून मी माझ्यातली अर्धी भाकरी बाजूला काढली आणि शाळेच्या पिशवीत लपवून ठेवली. चांगली शिळी होऊ दे म्हणून. ती आल्या आल्या तिच्या हातात दिली. म्हटलं, बघ, तुला आवडती म्हणून ठेवली. तिनं चुलीपाशी बसून सगळी खाल्ली. मी पुढ्यात बसून शेवटचा तुकडा जाईपर्यंत बघत होतो. एवढा आनंद झाला होता मला.”

चिमटे संपले होते. तो हात पुसत राहिला.

“मग कॉलेजात, मेसमध्ये एकदा शिळ्या भाकऱ्या आल्या. पोरांनी ताटं आपटली. मीपण आपटलं. आणि हात तसाच राहिला.”

माझं सगळं भांडण पायाखालून निघून गेलं होतं. तरी माझ्या जिभेला राहवत नाही ना. मी म्हटलं, “कदाचित त्यांना खरंच आवडत असेल. माझ्यासारखी.”

“तू हे म्हणणारच,” तो म्हणाला. “मी ओळखायचं कसं, सांग की. तीपण असंच म्हणायची. अगदी असंच, हसून.”

एखादी गोष्ट आवडत नाही हे माणूस तोंड वाकडं करून दाखवू शकतो. आवडते हे कसं सिद्ध करायचं? मी जितक्या चवीनं खाईन तितकं त्याला ते सोंग वाटणार. मी खाणं सोडलं तर तो समजणार, म्हणजे इतके दिवस बिचारी सोसत होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथं पीळ माझ्यात होता की त्याच्यात हेही मला सांगता येईना. त्या दिवसापासून मी लपवणं बंद केलं आणि त्यानं ताटली हिसकावणं बंद केलं. मी खायची, तो तोंड फिरवून बूट घालायचा. हे आधीच्या युद्धापेक्षा वाईट होतं. घास घशाखाली उतरायचा पण गोड लागायचा नाही. खिडकीशी उभी राहून मी त्याची पाठ बघत बसायची.

मार्चमध्ये सासूबाई राहायला आल्या. बारीक अंगाच्या, भरभर चालणाऱ्या, बसलेलं मी त्यांना फारसं पाहिलंच नाही. येताना जोंधळ्याचं पीठ घेऊन आल्या होत्या, कारण बंगलोरचं पीठ भाकरीचं नव्हेच असं त्यांचं ठाम मत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातून परात काढून घेतली आणि भाकऱ्या थापायला बसल्या. नवऱ्यानं त्यांना आपल्या शेजारी पाट मांडून बळंबळं जेवायला बसवलं, गरम भाकरी त्यांच्या ताटात घातली. त्यांनी ती मोडली आणि अर्धी गुपचूप त्याच्याच ताटात सरकवली. ते त्यानं बघितलं आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उठून स्वयंपाकघरात आले. रात्रीची एक भाकरी फडक्यात उरली होती, आणि माझा जीव तिच्यावर होता. तसली भाकरी माझ्या हाताला कधी साधली नव्हती. मी फडकं उघडायला हात घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं सासूबाईंचा हात आला.

“ठेव की गं ती,” त्या म्हणाल्या. “ताज्या करते तुला. मी खाते ही.”

“नाही हो आई, तुम्ही ताजी खा. मला शिळीच आवडते.”

“मलाच शिळी आवडती. तू गरम खा, वय हाय तुझं.”

“अहो, खरंच आवडते मला.”

“मग मी काय खोटं बोलते?”

दोघींच्या हातात भाकरीची एकेक कड, आणि सोडायला दोघीही तयार नाहीत. मी सुनेला शोभेल इतक्याच जोरानं ओढत होते, पण ओढत होते. भाकरी मधोमध तुटली. त्याच वेळी नवरा डोकं पुसत दारात आला.

त्यानं पाहिलं ते असं: त्याची आई आणि त्याची बायको, सकाळच्या पारी, दोघींच्या हातात शिळ्या भाकरीचा अर्धा अर्धा तुकडा, आणि दोघी हसून सांगताहेत, मला आवडते. त्यानं पंचा खुंटीला लावला, बूट घातले आणि चहासुद्धा न घेता जिना उतरला. कोपऱ्यावर बस यायला अजून वेळ होता.

सासूबाई तिथंच टेकल्या. मी चहा दिला. त्यांनी त्यात भाकरी बुडवली आणि खाऊ लागल्या. मीही माझा तुकडा चटणी घालून खात होते, पण माझं लक्ष त्यांच्याकडे होतं. त्या भिंतीकडे बघत खात होत्या. चावत नव्हत्या, गिळत होत्या. एक घास, घोट, एक घास, घोट. उरकायचं काम असावं तसं. नवऱ्याला मी जो दिलासा दिला होता, की कदाचित त्यांना खरंच आवडत असेल, तो माझ्या डोळ्यांपुढं चहात विरघळत होता.

“आई,” मी म्हटलं, “ह्यांनी तुमच्यासाठी शाळेच्या पिशवीत भाकरी ठेवली होती म्हणे.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “सांगितलं व्हय तुला? एवढंसं पोर. पिशवीतनं काढली आन् अशी धरली माझ्यापुढं, परसाद धरावा तशी.”

“मग? आवडली?”

त्यांनी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं.

“कसली आवडती. दगूड झाल्याला. वर शाईचा वास. घशाखाली उतरंना.” त्या हसल्या. “पर पोरानं ठेवल्याली. नाही कसं म्हणायचं?”

मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. माझ्या हातातल्या तुकड्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“तुला कोण म्हणालं गं शिळी खा म्हणून? त्यो?”

“नाही हो. कुणी नाही. मला आवडते.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. माया करावी तशी.

“हां,” त्या म्हणाल्या. “असंच म्हणायचं असतंय.”

मला ओरडावंसं वाटलं. या जगात एक माणूस तरी असं होतं का, ज्याला मी खरं बोलते आहे असं वाटेल? मुलगा म्हणतो तू आईसारखीच लपवतेस, आई म्हणते शाबास, अशीच लपव. मी राहिलेला तुकडा खाल्ला नाही. खाली जाऊन गायीला घातला. अक्का दारातून बघत होत्या. त्यांनाही बरं वाटलं असावं.

सासूबाई होत्या तोवर मी घरात काही शिळं राहू दिलं नाही. तव्यावरची पहिली भाकरी त्यांच्या ताटात, लोणी घालून, आणि मी समोर उभी. “मला पुढं नोकरीवर जायचंय, तुम्ही आधी बसा,” असं म्हटलं की त्यांचा नाइलाज व्हायचा. सुरुवातीला त्या चोरट्यासारख्या खायच्या. मग हळूहळू चावून खाऊ लागल्या. जायच्या आदल्या दिवशी तर त्यांनी स्वतः आणखी एक मागितली. नवरा तेव्हा तिथं होता. तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि गच्चीवर बराच वेळ राहिला. त्याच्या आईनं शाळेच्या पिशवीबद्दल काय सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही. सांगून कुणाचं भलं होणार होतं?

त्या गेल्यानंतरची ही गोष्ट. शनिवार होता, त्याला सुट्टी, मी जयनगरहून दुपारी घरी आले. उन्हानं डोकं तापलेलं, बसमध्ये उभी राहून पाय दुखलेले. दार उघडलं तर जमिनीवर पाट मांडलेला, पुढं ताट, ताटावर झाकण. नवरा समोर मांडी घालून बसला होता. कधी नव्हे ते त्याच्या तोंडावर हसू होतं, लाजरं.

“बस,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी ठेवलंय. परवाचं.”

त्यानं झाकण काढलं. एक भाकरी आणि पिठलं. गुरुवारी मी पिठलं-भाकरी केली होती. त्यातली एक भाकरी फडक्यात बांधून आणि पिठलं त्यानं माझ्या नकळत एका डब्यात काढून, डबा घट्ट लावून, आपल्या कपड्यांच्या पेटीत शर्टांखाली ठेवलं होतं. चांगलं शिळं व्हावं म्हणून.

झाकण निघताच वास आला. ते मार्चचे दिवस, पत्र्याची पेटी आणि बंद डबा. मी बसले. त्याच्याकडे पाहिलं. तो पुढं वाकून माझ्या हाताकडे बघत होता, आणि चुलीपाशी बसलेलं ते एवढंसं पोर मला त्याच्यात स्वच्छ दिसलं. मी तुकडा मोडला, पिठल्याला लावला. पिठल्याला तार सुटली होती. घास तोंडात घातला आणि आंबट, बुळबुळीत काहीतरी जिभेवर पसरलं.

‘छान आहे’ हे शब्द माझ्या ओठांशी आले होते. खरंच आले होते. या माणसानं इतक्या महिन्यांनी, स्वतःचं दुःख गिळून, माझ्यासाठी शिळं ठेवलं होतं. नाही कसं म्हणायचं? सासूबाईंचंच वाक्य माझ्या डोक्यात उभं राहिलं, आणि त्याबरोबर त्यांचं ते भिंतीकडे बघत गिळणंही. आज मी हसून हे गिळलं तर उद्यापासून मी काहीही म्हटलं तरी ते तेच असणार होतं.

मी घास कसाबसा गिळला.

“नाही आवडलं,” मी म्हटलं.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. “नाही?”

“नाही. आंबलंय हे. तार सुटलीय, बघा. मार्च महिन्यात पिठलं दोन दिवस पेटीत कोंडून ठेवतं का कुणी? शिळं म्हणजे नासकं नव्हे. अक्कल गहाण टाकलीत का?”

मी बोलून गेले आणि माझा मलाच धक्का बसला. तो बघत राहिला. मग त्याचा खांदा हलला. मग दुसरा. तो हसू लागला. असा हसला की बसल्या जागी बाजूला कलंडला, आणि हसता हसता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते हसू राहिलं नाही. मी ताट बाजूला सारलं आणि त्याच्या जवळ जाऊन बसले.

शेवटी तोंड धुऊन त्यानं पिठल्याचा डबा खाली नेला. गायीनं तो हुंगला आणि मान फिरवून चालू पडली. तो वर आला तेव्हा मी उरलेल्या भाकरीवर तेल आणि चटणी घेऊन खिडकीशी उभी होते. भाकरी चांगली कडक झाली होती.

तो दारात थांबला.

“ही?”

“ही आवडली.”

मी वाट पाहिली. तो तोंड फिरवेल, बूट शोधेल, म्हणेल की हे तेवढं मला सांगू नकोस.

“बरं,” तो म्हणाला, आणि चहा टाकायला आत गेला.